ग्रिपखालचं पोलाद

गेल्या अंकात जुन्या रिव्हॉल्व्हरची मूठ बदलण्याबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच आहे: ग्रिप, म्हणजे मुठीवर बसणारी लाकडी किंवा रबरी पकड, मागवली, घरी आली, बसत नाही. म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलं आहे. वाचून लगेच काही करायला बसणार असाल तर आधी सिलिंडर उघडा, प्रत्येक खण डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या. हे मी दर वेळी लिहिते आणि पुढेही लिहीत राहणार.

प्रश्न : मामांच्या पश्चात त्यांचं स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर रीतसर कागदपत्रं होऊन माझ्याकडे आलं. .३८ स्पेशल, सहा खणांचं, चार इंची नळीचं. उजव्या बाजूची लाकडी ग्रिप खालच्या कोपऱ्यात चिरली आहे. विक्रेत्याने फोटो बघून 'के फ्रेम' (के मापाचा पोलादी सांगाडा) असं सांगितलं, म्हणून के फ्रेमची अक्रोडाची जोडी घेतली. ती वरच्या बाजूला बरी बसते, पण खाली मागे पोलादाचा कोपरा उघडा राहतो आणि फ्रेमवरची आतली खुंटी ग्रिपच्या भोकात जात नाही. सिलिंडर उघडल्यावर आत 'मॉड. १०-५' असं कोरलंय आणि जवळच एक पाच आकडी नंबर आहे. मुठीच्या तळाला मात्र सी अक्षराने सुरू होणारा वेगळाच नंबर दिसतो. माझी फ्रेम नक्की कोणती? आणि खुंटी घासून कमी केली तर चालेल का?

उत्तर : खुंटीला कानस लावू नका. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण हीच चूक मी एकोणिसाव्या वर्षी केली होती. बाबांच्या कामाच्या टेबलावर एक जुनं मिलिटरी अँड पोलीस मॉडेल आलं होतं आणि माझ्याकडे 'जवळजवळ' बसणारी जोडी होती. खुंटी आड येत होती. मी ती घासली. संध्याकाळी बाबांनी मूठ हातात घेतली, अंगठा एकदा त्या जागेवरून फिरवला आणि मालक आले तेव्हा माझ्यासमोरच त्यांना काय झालं ते सांगितलं. नवी खुंटी करून बसवून दिली, पैसे घेतले नाहीत. ग्रिप पुन्हा करता येते. फ्रेममधून गेलेलं पोलाद परत येत नाही, एवढं त्या दिवशी कळलं.

आता तुमची फ्रेम. विक्रेत्याने सांगितलेलं अक्षर बरोबर आहे, पण ते अर्धंच उत्तर आहे. स्मिथ अँड वेसनची जे, के, एल, एन ही अक्षरं फ्रेमच्या मुख्य अंगाचं माप सांगतात, म्हणजे तिच्या खिडकीत केवढा सिलिंडर मावतो ते. ग्रिप बसते त्या शेपटीवर, मुठीच्या आतल्या पोलादी पट्टीवर. एकाच के फ्रेमला ही शेपटी दोन आकारांत मिळत आली आहे. बट म्हणजे मुठीचं खालचं टोक. चौकोनी बटात मागची पट्टी खाली येऊन सपाट तळाला कोपऱ्यात मिळते. गोल बटात तोच कोपरा वळण घेऊन गोलावतो आणि शेपटी जरा आखूड होते. तुमचं बट चौकोनी आहे आणि घेतलेली जोडी गोल बटाची. उघडा राहिलेला कोपरा हेच सांगतोय. दोन्ही बटांत खुंटीची जागा वेगळी, म्हणून ती भोकात जात नाही. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. विक्रेत्याने दुसरा प्रश्न विचारायला हवा होता.

बाहेरून बघून बट ओळखायला जाऊ नका. गोल बटावर चौकोनी आकाराची लाकडी किंवा रबरी ग्रिप अगदी सहज बसवता येते, कारण लाकूड पोलादाच्या पलीकडे वाढवलं की काम झालं. अशा जोड्या बाजारात भरपूर आहेत. उलट दिशेने मात्र वाट बंद आहे: चौकोनी बटावर गोल ग्रिप बसवायची तर पोलाद कापावं लागेल. फोटोवरून विक्रेते फसतात ते इथेच. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तर कंपनीने सगळीकडे गोल बटच ठेवलं, त्यामुळे अलीकडच्या रिव्हॉल्व्हरची चौकोनी दिसणारी मूठ बहुधा आतून गोल निघते.

ग्रिप उतरवायची रीत सांगते, कारण चिरलेली बाजू अनेकदा याच वेळी पूर्ण फुटते. ज्याच्या पात्याच्या दोन्ही बाजू समांतर आहेत असा स्क्रू-ड्रायव्हर घ्या. नेहमीचा पाचरीसारखा निमुळता पाना खाचेच्या फक्त वरच्या कडांना धरतो, निसटतो आणि थेट लाकडावर ओरखडा काढतो. स्क्रू तीन-चार आटे सैल करा, पूर्ण काढू नका. मग स्क्रूच्या डोक्यावर पान्याच्या लाकडी मुठीने हलकेच टकटक करा. समोरचं पॅनेल, म्हणजे ग्रिपचा त्या बाजूचा अर्धा भाग, आपोआप उचललं जाईल. ते निघालं की दुसरं आतून बोटाने ढकला. लाकूड आणि पोलाद यांच्या फटीत काहीही खुपसायचं नाही.

ग्रिप निघाल्यावर आणखी दोन स्क्रू दिसतील आणि हात शिवशिवतील. साइड प्लेटचा (फ्रेमच्या बाजूच्या झाकणाचा) एक चपट्या डोक्याचा स्क्रू ग्रिपखाली दडलेला असतो, त्याला हात लावू नका. दुसरा मुठीच्या पुढच्या पट्टीत खालच्या बाजूला असतो. त्याचा ग्रिपशी काही संबंध नाही. तो आतल्या चपट्या स्प्रिंगवर ताण ठेवतो. ट्रिगर हलका होतो म्हणून तो सैल करून ठेवणारे मी पाहिले आहेत. मग हॅमरचा ठोसा कमी पडतो आणि काडतूस उडत नाही. तो स्क्रू पूर्ण आवळलेलाच राहू द्या.

नंबरांचं कोडं सोपं आहे. मुठीच्या तळावरचा सी अक्षराचा नंबर हा तुमच्या रिव्हॉल्व्हरचा खरा अनुक्रमांक. स्थिर साइटच्या (नेम धरायची खूण हलवता येत नाही अशा) के फ्रेमना सी हे अक्षर १९४८ पासून लागलं, आणि १९६८ च्या सुमारास डी सुरू झालं. सिलिंडर ज्या बाहूवर बाहेर येतो त्याला योक म्हणतात. त्याच्याजवळ दिसलेला पाच आकडी नंबर जुळणीचा आहे. कारखान्यात एकमेकांना घासून बसवलेले भाग पॉलिशिंगला जाऊन परत येईपर्यंत हरवू नयेत म्हणून फ्रेम, योक आणि साइड प्लेटच्या आतल्या बाजूवर एकच नंबर ठोकत. कागदपत्रांत हा नंबर चुकून अनुक्रमांक म्हणून लिहिला गेल्याची उदाहरणं मला ठाऊक आहेत, तेव्हा तुमच्या कागदांवर कोणता आहे ते आजच ताडून घ्या. 'मॉड.' नंतरचे आकडे १९५७ पासूनचे. त्या वर्षी कंपनीने नावांऐवजी मॉडेल क्रमांक दिले आणि जुनं मिलिटरी अँड पोलीस झालं मॉडेल १०. आडव्या रेषेपुढचा ५ म्हणजे त्या मॉडेलच्या रचनेत झालेल्या बदलांचा क्रम.

आता एक विनंती. ते चिरलेलं पॅनेल टाकून देऊ नका. उलटं करा आणि तिरप्या उजेडात आतली बाजू बघा. त्या काळात ग्रिप फ्रेमवर ठेवूनच शेवटचा हात फिरवत, म्हणून उजव्या पॅनेलच्या आत पेन्सिलीने किंवा ठशाने अनुक्रमांक घातलेला असतो. तो तळाच्या नंबराशी जुळला तर ते लाकूड त्याच पोलादाबरोबर कारखान्यातून बाहेर पडलंय. स्क्रूभोवती जाळीकाम (पकड घट्ट व्हावी म्हणून लाकडात कोरलेल्या तिरप्या रेषा) न करता सोडलेला शंकरपाळ्याच्या आकाराचा साधा भाग आहे का तेही बघा. ही खूण १९६८ च्या आसपास बंद झाली, त्यामुळे तुमच्या रिव्हॉल्व्हरवर ती शोभेल अशीच आहे. कोपऱ्यातली चीर केसासारखी बारीक असेल तर पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद आतल्या बाजूने सोडून हलका दाब द्या, बाहेर ओघळू देऊ नका. मग ही जोडी कापडात गुंडाळून जपून ठेवा आणि रोजच्या वापराला के फ्रेमची, चौकोनी बटाची नवी जोडी घ्या. मागवताना हे चारही शब्द लिहा.

प्रश्न : माझ्याकडे स्मिथ अँड वेसन ६८६ आहे, .३५७ मॅग्नम. हात लहान आहे. रबरी ग्रिप बोटांच्या खाचांची आहे आणि मुठीची मागची पट्टी पूर्ण झाकते. ट्रिगरपर्यंत बोट जेमतेम पोचतं. बोट पुरवायला हात फिरवून धरावा लागतो आणि वीसेक फैरींनंतर अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. सगळे म्हणतात आणखी मऊ, जाड रबर घ्या. तुमचं मत?

उत्तर : जाड रबर घेऊ नका, ताई. दुखण्याचं कारण तुम्हीच लिहिलं आहे: हात फिरवून धरावा लागतो. हात फिरला की मुठीची पाठ तळव्याच्या मधल्या बेचक्यातून सरकून अंगठ्याच्या सांध्यावर येते आणि प्रत्येक फैरीचा धक्का त्या एका हाडावर बसतो. रबर जाड केलं तर पाठ आणखी मागे जाईल, हात आणखी फिरेल आणि दुखणं वाढेल.

रिकाम्या रिव्हॉल्व्हरने असं करून बघा. अंगठा आणि तर्जनीमधलं बेचकं मागच्या पट्टीवर, जमेल तेवढं वर, बरोबर मध्यावर टेकवा. वरून पाहिलं की नळी आणि तुमचं कोपरापासूनचं हाड एका रेषेत आलं पाहिजे. आता रेष न मोडता तर्जनी ट्रिगरवर ठेवा. हॅमर आधी न चढवता एका लांब ओढीने झाडायचं असेल तर बोटाची निदान पहिली घडी ट्रिगरवर यायला हवी. नुसतं टोक पोचत असेल तर मूठ तुमच्या हाताला मोठी आहे, आणि सराव कितीही वाढवला तरी ती लहान होणार नाही.

६८६ ही एल फ्रेम. सिलिंडरचा व्यास साधारण ४० मिलिमीटर, तर के फ्रेमचा ३७ च्या आसपास. पण शेपटी दोन्हींची सारखी, त्यामुळे के आणि एल यांच्या ग्रिप एकमेकींना चालतात आणि तुम्हाला निवड भरपूर आहे. जुन्या ६८६ चं बट चौकोनी असतं, नव्यांचं गोल. वरच्या पत्रातल्यासारखं रबर उतरवून आधी ते बघून घ्या. मग मागची पट्टी उघडी ठेवणारी, पातळ लाकडी जोडी निवडा. मागचं रबर गेलं की ट्रिगरपर्यंतचं अंतर काही मिलिमीटरने कमी होतं. ऐकायला ते क्षुल्लक वाटेल, पण तुमच्या बोटाची घडी आणि टोक यांच्यामध्ये तेवढंच अंतर आहे.

बोटांच्या खाचा नकोत, हे माझं ठाम मत आहे. त्या खाचा कुणाच्या तरी बोटांच्या मापाने पाडलेल्या असतात. तुमचं बोट दोन खाचांमधल्या उंचवट्यावर पडलं की हात खाली सरकतो, आणि खाली धरलेली मूठ हातात जास्त उसळते.

पातळ ग्रिपमध्ये एक त्रास होईल. ट्रिगर गार्डच्या मागे पोकळी राहते आणि फैर झाडताना गार्ड मधल्या बोटाच्या सांध्यावर आपटतो. त्यासाठी धातूचा छोटा अ‍ॅडॉप्टर मिळतो; तो पुढच्या पट्टीवर पॅनेलांच्या मध्ये अडकतो आणि ती पोकळी भरतो. टायलर टी-ग्रिप या नावाने तो कित्येक दशकं ओळखला जातो. तोही फ्रेमच्या मापाप्रमाणे येतो, तेव्हा के-एलचाच मागा.

उघड्या पट्टीवर मॅग्नमचा चटका जास्त बसेल, हे खरं आहे. सरावाला .३८ स्पेशल वापरा, .३५७ च्या खणात ती चालतात. काडतूस आखूड असल्यामुळे खणात पुढे काजळीचं कडं साचतं. ते ब्रशने साफ केल्याशिवाय मॅग्नम काडतुसं घालू नका, अडकतात. आणखी एक गोष्ट पाहायची: डाव्या पॅनेलच्या वरच्या कडेला पुरेशी खोलगट जागा आहे का? नसेल तर रिकामी टरफलं तिथे अडतात आणि स्पीडलोडर (सगळी काडतुसं एकदम भरायचं साधन) आत जात नाही. सुंदर जाळीकाम बघून लोक जोडी घेतात आणि हे मैदानावर लक्षात येतं.

प्रश्न : माझं रिव्हॉल्व्हर कोल्ट ट्रूपर मार्क थ्री. माहितीत 'जे फ्रेम' असं लिहिलेलं, म्हणून जे फ्रेमची ग्रिप मागवली. ती मुलाच्या खेळण्याची वाटावी इतकी लहान आली. असं कसं?

उत्तर : प्रत्येक कंपनीची अक्षरं तिची स्वतःची असतात. कोल्टची जे फ्रेम १९६९ मध्ये ट्रूपर मार्क थ्रीबरोबर आली आणि ती चांगली भरदार आहे. तुम्हाला आलेली ग्रिप स्मिथ अँड वेसनच्या जे फ्रेमची, म्हणजे १९५० च्या चीफ्स स्पेशलपासूनच्या पाच खणांच्या छोट्या रिव्हॉल्व्हरची. अक्षराआधी कंपनीचं नाव लिहा.

ज्यांच्या रिव्हॉल्व्हरवरचं नाव पुसट झालं आहे त्यांच्यासाठी: स्मिथ अँड वेसनची सिलिंडर उघडायची कळ पुढे ढकलतात, कोल्टची मागे ओढतात, रूगरची आत दाबतात. मागून पाहताना कोल्टचा सिलिंडर घड्याळाच्या दिशेने फिरतो, स्मिथचा उलट. स्मिथची साइड प्लेट उजवीकडे, जुन्या कोल्टची डावीकडे. या खुणा एकमेकींशी जुळल्या नाहीत तर नावावर विश्वास ठेवू नका. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्पेनमधल्या एइबार गावच्या कारखान्यांनी स्मिथसारखी दिसणारी पुष्कळ रिव्हॉल्व्हरं बनवली, ब्रिटिश सैन्यानेही १९१५ मध्ये त्यांतली काही घेतली. दिसायला भावंडं, पण ग्रिप बसणार नाही. त्यांना नवी जोडी घडवूनच घ्यावी लागते.

प्रश्न : रूगर जीपी-१०० ची ग्रिप काढली तर आत मुठीचा आकारच नाही, नुसता एक दांडा! काही तुटलंय का?

उत्तर : काही तुटलेलं नाही. १९८५ मध्ये आलेल्या या रिव्हॉल्व्हरची रचनाच तशी आहे. पूर्ण मूठ पोलादात न घडवता मध्ये एक आखूड खांब ठेवला, आणि ग्रिप त्याला चारही बाजूंनी वेढते. त्यामुळे गोल की चौकोनी हा प्रश्नच उरत नाही. हवा तो आकार लाकडात काढा. सुपर रेडहॉकची ग्रिपही याच खांबावर बसते. साध्या रेडहॉकची मात्र बसत नाही, नावावरून गल्लत करू नका. एसपी-१०१ चा खांब आणखी लहान.

प्रश्न : माझ्या संग्रहातल्या .३८ रिव्हॉल्व्हरवर स्मिथ अँड वेसन असं नाव आहे, अनुक्रमांकाआधी व्ही अक्षर आणि मुठीच्या तळाला कडी. ग्रिप साधी, गुळगुळीत लाकडाची. त्याला एकसंध रबरी ग्रिप घालायची आहे.

उत्तर : तुमच्याकडे व्हिक्टरी मॉडेल आहे. १९४२ ते १९४५ या युद्धवर्षांत बनलेलं, चौकोनी बटाच्या के फ्रेमचं. घाईच्या त्या दिवसांत जाळीकामाला वेळ नव्हता, म्हणून अक्रोडाची ग्रिप गुळगुळीत ठेवली. ती मूळचीच आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यांत सुंदर. एकसंध रबरी ग्रिप खालून चढते आणि तळाशी स्क्रूने आवळली जाते. तुमची कडी नेमकी त्याच जागी आहे. कडी काढायचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. दोन पॅनेलांची, तळ उघडा ठेवणारी जोडी बसेल.

ग्रिपपेक्षा महत्त्वाचं दुसरं आहे. यांतली पुष्कळ रिव्हॉल्व्हरं ब्रिटिशांच्या .३८/२०० काडतुसासाठी होती आणि युद्धानंतर त्यांतल्या अनेकांचे खण आतून खोल करून .३८ स्पेशलसाठी बदलण्यात आले. पहिल्या काडतुसाचं टरफल जरा जाड, त्यामुळे बदललेल्या खणात स्पेशलचं टरफल मागे फुगतं, कधी फाटतं. जाणत्या शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडून खण मोजून घेतल्याशिवाय एकही फैर झाडू नका.

प्रश्न : वेब्ली मार्क सहाची काळी ग्रिप विटकी तपकिरी झाली आहे आणि एका स्क्रूजवळ टवका उडाला. तेल लावलं, फरक नाही. नवी शोधताना 'वेब्ली .४५५' असं लिहिलेली जोडी मिळाली, घेऊ का?

उत्तर : आधी बटाचा आकार विचारा. १९१५ च्या मार्क सहाचं बट चौकोनी आहे. त्याआधीच्या मार्कांची मूठ पक्ष्याच्या डोक्यासारखी खाली वळलेली. दोन्ही .४५५, दोन्ही वेब्ली, ग्रिप मात्र पूर्ण वेगळी. नुसतं '.४५५' लिहिणाऱ्याला मूठ उतरवून काढलेला आतल्या बाजूचा फोटो मागा.

तुमची ग्रिप लाकडाची नाही, ती व्हल्कनाइट, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. उजेडाने त्याचा पृष्ठभाग बदलतो आणि काळ्याचा तपकिरी होतो. तेल आत शिरत नाही, उलट धूळ धरतं. गरम पाण्यात उकळून काळं करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पॅनेल वाकतं. जुनं व्हल्कनाइट ठिसूळ असतं, आणि टवका उडतो तो बहुतेक वेळा स्क्रू आवळताना. बोटाने फिरेल तेवढा फिरवा, वर पाव फेरा पुरे. मूळ जोडी काळोखात ठेवा आणि हाताळायला साच्यात ओतलेल्या राळेची नक्कल बसवा.

प्रश्न : मला स्वतःच्या हाताने ग्रिप करायची आहे. सुतारकाम येतं. लाकूड कोणतं, आणि पोलादाला अंगासरशी बसवायचं कसं?

उत्तर : या पत्राने मला फार आनंद झाला. लाकूड अक्रोडाचं घ्या. कापायला गुणी, हाताला ऊबदार, आणि धक्क्याने सहसा फाटत नाही. शिसवी दिसायला राजस आहे, पण तिची भुकटी अनेकांच्या कातडीला आणि श्वासाला बाधते. घासताना तोंडावर मास्क हवाच. हस्तिदंताचा विचारही नको, १९८९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला आणि तो योग्यच होता. लाकूड कुठलंही असो, पूर्ण वाळलेलं हवं. ओलं लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, आणि आज घट्ट बसलेलं पॅनेल चार महिन्यांनी स्क्रूभोवती चिरतं. दोन्ही पॅनेल एकाच फळीतून, रेषा मुठीच्या लांबीने जातील अशी कापा.

बसवण्याचं काम सगळं आतल्या बाजूचं. बाहेरच्या आकाराला हात लावायची घाई करू नका, आतून पोलाद बसेपर्यंत बाहेरून ठोकळाच राहू द्या. बाबांनी शिकवलेली रीत अशी: दिव्याची काजळी थेंबभर तेलात कालवायची, बोटाने फ्रेमच्या पट्टीवर अगदी पातळ लावायची, पॅनेल सरळ दाबायचं आणि सरळ उचलायचं. लाकडावर जिथे काळा ठिपका उठला तिथेच ते उंच आहे. तेवढंच धारदार पटाशीने किंवा खरवडणीने काढायचं आणि पुन्हा काजळी. पहिल्या जोडीला मी ही फेरी किती वेळा केली ते मोजलं नाही, पण दोन दिवस गेले. ठिपके जसजसे पसरत जातात तसतसं लाकूड पोलादावर टेकत जातं. शेवटी पट्टीचा अख्खा आकार लाकडावर उमटतो आणि पॅनेल स्क्रूशिवायच खुंटीवर धरून राहतं. हॅमर आणि स्प्रिंग जिथे हलतात तिथे मात्र लाकूड मोकळं ठेवा. स्प्रिंगला घासणारं लाकूड ट्रिगर बिघडवतं.

खुंटीचं भोक सगळ्यांत शेवटी. खुंटीच्या टोकाला काजळी लावून पॅनेल टेकवा, ठिपका पडेल तो मध्य. ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून खोली ठरवा, नाहीतर पातं बाहेर निघेल आणि दोन दिवसांचं काम जाईल. मग बाहेरचा आकार: कानस, पॉलिश पेपर, आणि मधूनमधून हातात धरून, डोळे मिटून. हात जिथे थांबतो तिथे लाकूड अजून जास्त आहे.

शेवटी उकळलेलं जवसाचं तेल, चिंधीने, अगदी पातळ हात, दोन हातांमध्ये एक दिवस वाळवण. कच्चं जवस तेल घेऊ नका, चिकट राहतं. आणि तेलाची चिंधी चुरगाळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, घडीत ती कोंडली की चिंधी आपोआप पेट घेते. मोकळ्या जागी पसरून पूर्ण वाळू द्या किंवा पाण्यात बुडवून ठेवा. पहिली जोडी झाली की आतल्या बाजूवर पेन्सिलीने त्या रिव्हॉल्व्हरचा अनुक्रमांक लिहा, आणि मला एक फोटो पाठवा, आतल्या बाजूचा.